‘खापर’ म्हणजे फुटके मडके की भांडे? हा शब्द आला कुठून?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. मात्र खानदेशाबाहेर पहिलाच अधिक ऐकू येतो. संस्कृतात ‘कर्पर’ आणि ‘खर्पर’ अशी दोन रूपे असून त्यांचा अर्थ वाडगा, मडके, तसेच कवटी असा होतो. प्राकृतात त्याचे ‘खप्पर’ झाले, आणि ‘हत्थ’चा ‘हात’ व ‘सत्त’चे ‘सात’ व्हावे त्याच रीतीने जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला व मराठीत ‘खापर’ उरले. हिंदीत जोगड्याच्या भिक्षापात्राला अजूनही खप्पर म्हणतात.

जळगाव-धुळ्याकडे मात्र खापर हे चुलीवर पालथे घालायचे मातीचे भांडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण भरलेला कणकेचा गोळा पोळपाट-लाटण्याऐवजी दोन्ही हातांवर झेलत, पसरवत कोपरापर्यंत मोठा केला जातो आणि मग त्या तापलेल्या, फुगीर पाठीवर अलगद टाकला जातो. हेच खापरावरचे मांडे. सोबत आमरस हवाच. इथे खापर फुटके असून भागत नाही, तडा गेलेले खापर बायका चुलीवर चढवतच नाहीत.

दोष दुसऱ्यावर ढकलणे या अर्थी ‘डोक्यावर खापर फोडणे’ सर्वांच्या तोंडी आहे. पणजोबांच्या वडिलांना खापरपणजोबा म्हणतात, त्यातही हाच शब्द दिसतो.