आधी पाणी किती वाजता येतं ते विचार

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ठाण्याच्या किसननगर वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवायला जायला लागलास, फार बरं वाटलं. पण पहिल्याच रविवारी मुलांपुढे प्रेरणादायी भाषण करायचंय म्हणून मुद्दे मागतोस, ते काही मी देणार नाही. असली भाषणं त्या मुलांनी पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि वह्यावाटपाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकली आहेत. टाळ्या कुठे वाजवायच्या तेही त्यांना पाठ आहे.

मोठं तर त्यांना व्हायचंच आहे. विचारून बघ, पोलीस, नर्स, कलेक्टर, सगळं सांगतील. अडतं रोजच्या दिवसात. म्हणून आधी घरोघर जा. पाणी किती वाजता येतं, भरतं कोण, आई घोडबंदरच्या टॉवरमध्ये कामाला कधी निघते, धाकट्याला कोण सांभाळतं, टीव्ही कधी बंद होतो, हे विचार. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथली सातवीतली मुलगी संध्याकाळी सहाला का येत नाही, हे हंडे-कळश्यांची रांग बघितलीस की आपोआप कळेल. मग तिला रागावू नकोस, वर्गाची वेळ बदल.

तीन हात नाक्याची सिग्नल शाळाही एकदा बघून ये. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं शाळेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून समर्थ भारत व्यासपीठाने आणि ठाणे महापालिकेने २०१६ साली पुलाखालीच कंटेनरमध्ये वर्ग उभे केले. २०१९ मध्ये तिथली पहिली दोन मुलं दहावी पास झाली. दोनच का, असं विचारणारे भेटतील. त्याआधी त्या पुलाखालून किती पास झाली होती, एवढंच त्यांना विचार.

आता खरं काम. तुझ्याकडच्या आठवीच्या मुलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा मोफत शिक्षणाची हमी देतो ती चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीला अनेकांची शाळा बदलते. फी, नवा गणवेश, बसभाडं सुरू होतं. आणि नेमकं त्याच वयात पोराला केटरिंगवाल्याकडे वाढप्याची हजेरी मिळायला लागते. लग्नसराईत एका रात्रीचे रोख पैसे हातात आले की आपल्या भूमितीचं काय चालणार? आईबापांना दोष देऊन उपयोग नाही. घरात पैसा येतो तिथे शिक्षणाकडूनही थोडा पैसा आला पाहिजे.

तो येऊ शकतो. एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा आठवीतच असते. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न: एक बुद्धिमत्तेचा, एक शालेय विषयांचा. बुद्धिमत्तेच्या पेपरात वस्तीतली मुलं मुळीच मागे नसतात, फक्त तसले प्रश्न त्यांनी कधी पाहिलेले नसतात. सरावाने ते जमतं. रखडतं ते कागदांपायी. सातवीला किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. तेव्हा सातवीपासूनच नजर ठेव. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढायला लाव. आधारवर एक नाव, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, बँकेत तिसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. तुझ्यासारख्या इंग्रजी फॉर्म न अडखळता भरणाऱ्या मुलाने एका आईबरोबर एक सकाळ सेतू केंद्रात काढली, तर ती दहा भाषणांना भारी आहे.

ज्यांची शाळा सुटलीच आहे त्यांनाही सोडू नकोस. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे वस्तीतल्या कितीतरी घरांत माहीतच नसतं.

संस्कारांविषयीही विचारलं आहेस. त्यांचा वेगळा तास घेऊ नकोस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राबायची, एकत्र रांधायची आणि एका पंगतीत जेवायची. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. समतेचा धडा वेगळा द्यायची गरजच उरली नाही. तू कपाटाची किल्ली सगळ्यात दंगेखोर पोराकडे दे. पेन-वह्यांचा हिशेब मुलांनाच लिहू दे, आणि तो जुळला नाही तर ओरडण्याआधी दोन दिवस थांब. बहुतेक वेळा जुळतो.

लिहायला मात्र भरपूर लाव, आणि ‘माझी सहल’ नको. मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. किसननगरच्या मुलांकडेही सांगण्यासारखं बरंच आहे: पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी, गावी परत गेलेला मित्र, रात्रपाळीचे बाबा. शुद्धलेखन नंतर तपास. आपण जे सांगतो ते कोणीतरी नीट वाचतंय, हे आधी त्यांना दिसू दे.

मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नकोस. ज्या मुलीचा ‘गरजू विद्यार्थिनी’ म्हणून फोटो फिरतो, तिला दुसऱ्या दिवशी वर्गात चिडवतात.

शेवटचं, तुझ्याबद्दल. तुझी परीक्षा एप्रिलमध्ये आहे, म्हणजे मार्चपासून तू यायचा बंद होणार. अशी येऊन गायब झालेली ताई-दादा मंडळी त्या मुलांनी खूप पाहिली आहेत. म्हणून या रविवारीच सांगून टाक की मार्च-एप्रिलमध्ये मी नसेन, परत कधी येईन आणि तोवर कोण येईल. ते ‘कोण’ तुलाच शोधायचंय. तुझ्या वर्गातला तो गणिताचा मुलगा कळव्याला राहतो म्हणाला होतास ना? त्याला विचार. तयार असला तर दोघे मिळून माझ्याकडे या, एनएमएमएसचे जुने पेपर देते.

तुझ्या बाई