नवा ससा घरी आलाय, पण आजारी आहे

या वेळच्या पत्रांमध्ये दत्तक घेतलेल्या सशांबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलांची हौस फिटली, आणि ससा दुसऱ्या घरी गेला. नव्या घरच्यांना चार दिवसांत कळतं की त्याला काहीतरी झालंय. खरं तर ते आधीपासूनच असतं. ससा हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे तो दुखणं अंगावर काढतो आणि शेवटपर्यंत दाखवत नाही. म्हणून तो लोळतोय की उड्या मारतोय यापेक्षा तो काय खातोय आणि पिंजऱ्यात लेंड्या कशा पडतायत, हे आधी बघा.

दहा दिवसांपूर्वी ओळखीच्या कुटुंबाकडून दोन वर्षांचा ससा आणला. वजन १ किलो ३०० ग्रॅम. नाकावर, कानांच्या कडांना आणि नखांच्या मुळाशी करड्या खपल्या आहेत, सारखा खाजवतो. आधी तो पाव, बिस्किटं आणि गाजरांवर होता. शेपटीखाली चिकट घाण लागलेली असते. दुकानदार म्हणतात, कुत्र्यांचं पिसवांचं औषध मानेवर टाका आणि जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आंघोळ घाला. घालू का? – एक वाचक, डोंबिवली

दोन्ही करू नका. कुत्र्यांच्या त्या औषधांपैकी बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं. सशाला त्याने झटके येतात, खाणं बंद होतं, आणि जीवही जातो. टाकून झालं असेल तर वाट न पाहता आजच डॉक्टरांना गाठा. आंघोळीचंही तसंच. सशाची दाट लव सुकायला तासन्‌तास लागतात, अंग गार पडतं, आणि घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचाच पाठीचा कणा मोडू शकतो.

तुमच्या वर्णनावरून ही लूत दिसते. कातडीत बिळं करून राहणारे सूक्ष्म किडे नाक, ओठ, कानांच्या कडा आणि नखांभोवती आधी धरतात. कानाच्या आतच तपकिरी पापुद्र्यांचे थर साचले असतील, तर किडा वेगळ्या जातीचा, पण उपचार जवळपास तोच. डॉक्टर खपलीखालचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. गजकर्णाच्या बुरशीच्याही अशाच खपल्या दिसतात आणि तिचं औषध पूर्ण वेगळं, म्हणून ही तपासणी टाळू नका.

लुतीवर बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात. प्रमाण किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. तालुक्याच्या दुकानात मिळणारं गुरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. तुमच्या सशाला त्यातलं ०.०२६ ते ०.०५२ मिली लागेल, जेमतेम एक थेंब. साध्या सिरिंजवर एवढं माप दिसतच नाही आणि हात जरा हलला की तिप्पट-चौपट औषध जातं. घरी टोचू नका असं आम्ही कळकळीने सांगतो ते यासाठी. सेलामेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंबही चालतात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात खाज थांबते आणि लोकांना वाटतं झालं. इथेच चूक होते. औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटून नवे किडे निघतात, म्हणून १० ते १४ दिवसांच्या अंतराने एकूण २ ते ३ मात्रा पूर्ण कराव्याच लागतात. खपल्या ओढून काढू नका, खाली जिवंत कातडी असते आणि रक्त येतं. त्या आपोआप गळून पडतात. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, लाकडी पिंजरा असेल तर फटी नीट घासा. घरात दुसरा ससा असेल तर त्यालाही उपचार द्या. तुमच्या हातांवर लाल पुरळ आलं तर घाबरू नका. हा किडा माणसाच्या कातडीत फार दिवस टिकत नाही, पण खाज उठवतो. हाताळताना मोजे घाला आणि पुरळ राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता शेपटीखालची घाण. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरड्या, हरभऱ्याएवढ्या गोल लेंड्या. फोडल्या की आत गवताचे धागे दिसतात. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारीक घोसासारखी. ही तो थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो, कारण तिच्यात जीवनसत्त्वं असतात, त्यामुळे एरवी ती आपल्याला दिसत नाही. पाव-बिस्किटांवरच्या सशाची ही विष्ठा पातळ होते, तो ती खात नाही आणि ती लवेला चिकटते. पातळ पाण्यासारखे जुलाब मात्र वेगळे. तसं झालं, विशेषतः पिलाला, तर त्याच दिवशी दवाखाना.

पाव-बिस्किटं आठवड्याभरात कमी करत बंद करा. त्याच वेळी सुकं गवत अखंड, चोवीस तास, त्याच्या अंगाएवढा ढीग होईल इतकं समोर ठेवा. आयात केलेल्या टिमोथी गवताचे पुडे महाग पडतात. हरळी किंवा मारवेल सावलीत वाळवलेलं असेल तर उत्तम चालतं. हातात घेऊन वास घ्या: गोडसर, उन्हाळी वास हवा, कुबट नको. काळे ठिपके दिसले तर टाकून द्या. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पोट भरायला नाही. रस्त्याकडेचं गवत आणू नका, फवारणी आणि कुत्र्यांचं मूत दोन्हींचा धोका. कोवळी ज्वारी गुरांना विषारी होते, सशालाही देऊ नका. लसूणघास वाढत्या पिलांना चांगला, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

लेंड्या आठ-दहा दिवस कोरड्या पडल्या की मग पाला. कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, पुदिना. एका वेळी एकच नवी भाजी, दोन-तीन पानं, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघून पुढची. गाजर बोटाच्या पेराएवढं, तेही आठवड्यातून दोनदा. अळू, कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. सशांच्या खाण्याच्या तयार गोळ्या देणार असाल तर या वजनाला दिवसाला ३० ग्रॅमच्या वर नको. तो हडकुळा आहे म्हणून गोळ्यांची वाटी भरून ठेवली की गवत सुटतं, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून दर रविवारी सकाळी वजन घ्या आणि लिहून ठेवा. या सशाचं १०० ग्रॅम उतरलं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेचार किलोहून अधिक उतरल्यासारखं आहे. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर गवताचा जाड थर द्या, नाहीतर तळपायांची लव जाऊन जखमा होतात.

आठ दिवसांपूर्वी आणलेली सशीण, वजन २ किलो. काल रात्रीपासून काही खात नाही, पाठ काढून कोपऱ्यात बसते, दात करकर वाजवते. लेंड्या मोहरीएवढ्या पडल्या आणि मग बंद झाल्या. ग्राइप वॉटर देऊन बघू का? – एक वाचक, कोल्हापूर

हे पत्र आम्हाला मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, म्हणून तुमची विचारपूस फोनवर केली. उत्तर इतरांसाठी देतो. सशाने १० ते १२ तास काही खाल्लं नाही, तर ती तातडीची वेळ समजा. सकाळपर्यंत थांबून बघू, असं करू नका.

सशाचं आतडं सतत चालतं राहायला हवं. घर बदलल्याची भीती, दातदुखी, उष्मा, खाण्यात अचानक बदल, यातल्या कशानेही ते मंदावतं. आतला चारा सुकून घट्ट होतो, वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि न खाल्ल्याने आतडं आणखी मंदावतं. भरीला यकृतात चरबी साचायला लागते. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे बाहेर पडायला वरची वाट नाहीच.

आधी पोटाला हलका हात लावा. मळलेल्या कणकेसारखं लागलं तर गाडी निघेपर्यंत काही करता येईल. ढोलासारखं ताणलेलं असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ निघा, कारण आत अडथळा असू शकतो. कान गार लागले तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. ते ३८च्या खाली गेलं असेल तर परिस्थिती गंभीर आहे.

पोट मऊ असेल आणि डॉक्टरांनी फोनवर होकार दिला, तरच भरवा. सशाच्या खाण्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून सरबरीत करा, गाळून घ्या. २ किलोच्या सशाला एका वेळी २० मिली, दिवसातून पाच वेळा. सिरिंज पुढच्या दातांमागे, तोंडाच्या बाजूने, आणि एका वेळी १ मिलीच. तो चघळून गिळेपर्यंत थांबा. उताणं धरून किंवा भरकन ओतलं तर ते फुप्फुसात जातं. ग्राइप वॉटरमध्ये गोडवा असतो, त्याने वायू वाढतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. डॉक्टर सहसा मेलॉक्सिकॅम देतात, कारण दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही.

एक गोष्ट प्रत्येकाने लिहून फ्रिजवर लावावी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे कधीही द्यायची नाहीत. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि दोन-चार दिवसांत ससा जातो. सशांची सवय नसलेल्या ठिकाणी कुत्र्या-मांजरांच्या सवयीने ती लिहून दिली जातात. चिठ्ठीत नाव दिसलं तर नम्रपणे विचारा. शस्त्रक्रियेआधी "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं सांगितलं तरी विचारा. सशाला उपाशी ठेवायचं नसतं.

आमच्या दत्तक सशाची हनुवटी सतत ओली असते, एका डोळ्यातून पाणी येतं. पुढचे दात वाकडे वाढलेत. नेलकटरने कापता येतील का? – एक वाचक, पुणे

नाही. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथे गळू होतं. सशाचा पू पातळ नसतो, दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो. नुसती चीर देऊन तो वाहून जात नाही. गळू पिशवीसकट काढावं लागतं, कधी हाडापर्यंत.

पुढचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. डॉक्टर ते दातांच्या फिरत्या यंत्राने घासून देतात, आणि जबडाच वाकडा असेल तर दर ४ ते ६ आठवड्यांनी घासावे लागतात किंवा कायमचे काढून टाकतात. काढल्यावरही ससा ओठांनी चिरलेला पाला आणि गवत छान खातो.

पण हनुवटी ओली आणि डोळ्यातून पाणी, ही खूण दाढांची आहे. दाढांना टोकं येऊन जीभ-गाल कापले जातात, वरच्या दातांची मुळं अश्रूनलिकेवर दाबतात. पूर्ण तपासणी भूल देऊनच होते, शक्यतो कवटीच्या एक्स-रेसह. म्हणून दवाखान्यात आधी विचारा, "तुम्ही सशांना भूल देता का? महिन्याला किती?" परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळपास जाणकार सापडत नसेल तर तिथल्या रुग्णालयात चौकशी करा. लाकडाचा तुकडा चघळायला देऊन दाढा झिजत नाहीत. त्या गवत आडवं दळतानाच झिजतात.

सशाची लघवी विटकरी लाल दिसते. रक्त आहे का? – एक वाचक, नाशिक

बहुधा नाही. पाल्यातल्या रंगद्रव्याने ती पिवळी, नारिंगी, लालसुद्धा होते, आणि रंग सगळीकडे सारखा असतो. रक्त असेल तर रेघा किंवा गुठळ्या दिसतात. लघवी तपासायची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, तिने नक्की कळेल. मादी असेल, तीन-चार वर्षांची असेल आणि गर्भाशय काढलेलं नसेल, तर मात्र सोनोग्राफी करा. अशा माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो.

मे महिन्यात ससा कसा सांभाळायचा? – एक वाचक, नागपूर

सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून जाते. ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, त्यामुळे तुमच्याकडे मार्च ते जून तो घरातच हवा, गच्चीवर किंवा गॅलरीत नाही. वाळ्याची ताटी कोरड्या उकाड्यात उत्तम. एक लिटर पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून ठेवा, तो तिला टेकून बसतो. पाणी नळीऐवजी जड मातीच्या भांड्यात द्या, जास्त पितो. मान वर करून धापा टाकत असेल, कान लाल-गरम असतील तर कान साध्या पाण्याने ओले करा, पंख्याखाली घ्या आणि दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

ऊसतोडीत सशाचं पिल्लू सापडलं. पाळता येईल का? – एक वाचक, बारामती

शेतातला ससा ही पाळीव सशाची जात नाही. तो आपला रानससा, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाळणं गुन्हा आहे. पिलाचे डोळे उघडे असतील, अंगावर लव असेल, तर ते अनाथ असेलच असं नाही. आई दिवसभर जवळ येत नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजते. जखम नसेल तर तोडणी न झालेल्या बाजूच्या सरीत, उचललं त्या जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं, ठेवा आणि कुत्री लांब ठेवून तिथून निघा. जखमी असेल तर खोक्यात अंधारात ठेवून वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. गाईचं दूध पाजू नका.