पुस्तकातली लाट आणि टीव्हीवरची मतमोजणी

प्रश्न: सत्त्याहत्तरच्या निवडणुकीवर बरंच वाचलंय, पण 2024 ला मतमोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर बसलो तर डोकं पार गरगरलं, मग इतिहास वाचून उपयोग काय?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: अहो, पुस्तकात शेवट आधीच ठाऊक असतो ना, म्हणून सगळं सरळ वाटतं. 1977 ला आपण 'जनता लाट', म्हणजे काँग्रेसला हरवणारी जनता पक्षाची लाट, म्हणून मोकळे होतो, उत्तर प्रदेशात काँग्रेसला 85 जागांपैकी शून्य, पण तेव्हाच्या आंध्रात 42 पैकी 41 काँग्रेसच्याच, म्हणजे लाट कसली, अर्ध्या देशातच होती ती, आणि तुमच्या ठाण्यातून तेव्हा जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले हे तरी आता किती जणांना आठवतं! मी तरी निकाल राज्यवार बघते, स्टुडिओतला आरडाओरडा म्यूट. एक्झिट पोल? 2004 ला फसले, 2024 ला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं, आले 293. तरी पुढच्या वेळी बघणारच, मीसुद्धा. जमलं तर 1980 वाचा, इंदिरा गांधी तीनच वर्षांत 353 जागा घेऊन कशा परतल्या ते, जनता पक्षातली भांडणं तर फारच रंगतदार आहेत.