पंखा बदलायचा, पण कितीचा?

प्रश्न: आमची १६ फुटी बोट आहे, मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. दोघंच असलो की मस्त पळते, फुल थ्रॉटलला ५४०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). पण सहाजण बसलो की नाक वर करून नुसती रेटत राहते, पाण्यावर उचलायलाच तयार नाही, आणि उचललीच तरी काटा ४७०० च्या वर जात नाही. मॅन्युअलमधे रेंज ५००० ते ६००० दिलीय. प्रोपेलरवर, म्हणजे पंख्यावर, १० ३/८ × १३ कोरलंय. मित्र म्हणतो स्टीलचा चार पात्यांचा घे, सगळं सुटेल. घेऊ का?

उत्तर: मित्राला जरा थांबवा, तुमचा प्रॉब्लेम पात्यांचा नाही, पिचचा आहे. तो १३ आकडा म्हणजे पिच, पंख्याचा एक फेरा झाला की बोट कागदावर तेवढे इंच पुढे जायला हवी. कागदावर म्हणतोय कारण पाणी काही घट्ट नाही, थोडं निसटतंच, नीट चालणाऱ्या बोटीतही १०-१५ टक्के स्लिप धरायची. पहिला आकडा व्यासाचा, त्याच्या नादी तुम्हाला लागायची गरज नाही. पिच जास्त म्हणजे वरचा गिअर, भरलेली गाडी चौथ्यात चढावर घातली की जशी कण्हते तसं तुमच्या मोटरचं सहाजणांत होतंय. आणि लोक इथे उलटंच समजतात, की आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम. अहो आराम कसला, फुल थ्रॉटल देऊनही काटा रेंजच्या खाली अडकला म्हणजे इंजिन लोडखाली घुसमटतंय, असं रोज चालवलं तर पिस्टनची वाट लागते.

आता हिशेब. पिच एक इंचाने कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ चा पंखा लावलात तर सहाजणांत ४७०० चे ५०००-५१०० होतील, दोघांत ५४०० चे ५७००-५८००, दोन्ही रेंजमधे. मग १० च का नको, असं वाटेल. सहाजणांत तो अजून छान उचलेल, पण दोघांत काटा ६००० ला टेकेल, कदाचित पलीकडेही जाईल, आणि मग दरवेळी थ्रॉटलवर हात आवरून बसायचं. ११ नेही दोघंच असताना टॉप स्पीड थोडा कमी होईल, ते सोसा. कायम सहाजणच असते तर मी १० सांगितला असता.

स्टीलची पाती पातळ असतात, वाकत नाहीत, स्पीड थोडा जास्त मिळतो हे खरं. पण महाग, आणि दगडावर आपटलं तर ॲल्युमिनियम स्वतः वाकून बरंच सोसतं, स्टीलचा मार आत शाफ्ट-गिअरपर्यंत जाऊ शकतो. उथळ पाण्यात जात असाल तर मी तरी नाही घेणार. चार पात्यांचा लवकर उचलतो, वळणावर पाणी धरून ठेवतो, पण त्याच पिचचा घेतलात तर आरपीएम अजून खाली, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

घ्यायच्या आधी एकदा बघा की मोटरच्या पायावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या लेव्हलला आहे का. मोटर फार खाली बसली असेल तर नुसत्या ओढीनेच आरपीएम पडतात, पंख्याला उगाच बोल.

प्रश्न: थ्रॉटल वाढवला की इंजिन एकदम ओरडतं, बोट मात्र तिथेच. पाती तर धड आहेत. पिच चुकलं का?

उत्तर: नाही, बहुतेक हबमधलं, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागातलं, रबर सुटलंय. पंख्याच्या मागून बघा, आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, चालवून या आणि परत बघा. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर हब गेला, हळूहळू चालवत किनाऱ्याला या आणि हब नाहीतर पंखाच बदला. काढलाच आहे पंखा तर शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळलीय का तेही बघून घ्या, ती सील कापते आणि मग गिअर ऑइलमधे पाणी जातं.