बालमनोविकारतज्ज्ञांच्या नावापुढचे पुरस्कार कसे वाचावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलासाठी ज्या बालमनोविकारतज्ज्ञांचे नाव आपल्याला सुचवण्यात आले, त्यांच्या परिचयात चार-पाच पुरस्कारांची नोंद आहे, या शाखेत खरोखर मानाचे पुरस्कार कोणते, ते कोण देते, आणि त्यांच्या आधारे डॉक्टर निवडणे योग्य ठरेल का? मी याच शाखेत काम करतो आणि एका व्यावसायिक संघटनेच्या निवड समितीवर काही काळ होतो, त्यामुळे पुरस्कारांची ही बाजू मला आतून थोडीफार पाहता आली आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. पुरस्कार मिळाला आहे एवढ्यावरून काही ठरवू नका. तो कोणत्या कामासाठी मिळाला, हे कळले तर मात्र त्याचा उपयोग होतो. बालमनोविकारशास्त्रात ‘उल्लेखनीय कामगिरी’ या एकाच शब्दप्रयोगाखाली इतक्या निरनिराळ्या गोष्टी येतात, की दोन पुरस्कारप्राप्त डॉक्टरांच्या रोजच्या कामात काहीही साम्य नसू शकते.

या पुरस्कारांची सर्वांत भरगच्च यादी अमेरिकन अकॅडमी ऑफ चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसेंट सायकियाट्री या संघटनेकडे आहे. ती १९५३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात वर्षभरात बालमनोविकारतज्ज्ञाने लिहिलेल्या सर्वोत्कृष्ट शोधनिबंधासाठी नॉर्बर्ट आणि शार्लट रीगर यांच्या नावाचा पुरस्कार असतो. अवधान-अतिचंचलता विकारावरील (एडीएचडी) संशोधनासाठी एलेन श्लॉसर लुइस पुरस्कार वेगळा आहे, तर नैराश्य आणि आत्महत्या या विषयांवरील संशोधनासाठी क्लिंगेनस्टाइन प्रतिष्ठानच्या नावाचा पुरस्कार आहे. प्रतिबंधात्मक कामासाठी आयर्विंग फिलिप्स, विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रातील योगदानासाठी जॉर्ज टार्यान, शाळांमधून होणाऱ्या अभ्यासासाठी व उपचारांसाठी सिडनी बर्मन, रुग्णालयातील इतर विभागांना दिल्या जाणाऱ्या सल्लासेवेतील नेतृत्वासाठी सायमन वाइल, आणि विविधता व संस्कृती या विषयांसाठी जीन स्परलॉक अशी ही नावे पुढे वाढत जातात. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन ही प्रौढांच्या आणि मुलांच्या अशा सर्वच मनोविकारतज्ज्ञांची संघटना आहे. तिचेही बालमनोविकारशास्त्रासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत. त्यांपैकी ब्लांश इटलसन पुरस्कार संशोधनासाठी आणि अ‍ॅग्नेस परसेल मॅकगॅव्हिन पुरस्कार प्रदीर्घ कारकिर्दीसाठी दिला जातो. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेली असोसिएशन फॉर चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसेंट मेंटल हेल्थ ही संस्था मनोविकारतज्ज्ञांबरोबरच मानसशास्त्रज्ञ आणि संबंधित क्षेत्रांतील इतरांनाही सामावून घेते आणि तिचे पुरस्कारही त्याच व्यापक वर्तुळात दिले जातात.

यांतल्या पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे शोधनिबंधांच्या पुरस्कारांकडे, जरा बारकाईने पाहायला हवे, कारण परिचयात तेच सर्वांत झळकतात आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच सर्वांत कमी सांगतात. चांगला शोधनिबंध म्हणजे प्रश्न नेमका मांडणे, मुलांचे गट नीट निवडणे, आकडेमोड प्रामाणिकपणे करणे. हे सोपे नसते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. मात्र वर्षाच्या आत दिलेल्या कौलाला एक अंगभूत मर्यादा असते : मुले वाढतात, आणि त्यांच्यासोबत निष्कर्षही बदलतात. अवधान-अतिचंचलता विकारावरील एमटीए हा अभ्यास याचे ठळक उदाहरण आहे. सात ते नऊ वर्षे वयाची ५७९ मुले चार गटांत विभागून चौदा महिने त्यांच्यावर निरनिराळ्या पद्धतींनी उपचार झाले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काळजीपूर्वक दिलेली औषधे मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. त्याच मुलांचा मागोवा घेणे सुरू राहिले, आणि तीन वर्षांनंतरची स्थिती सांगणारा निबंध २००७ मध्ये आला तेव्हा गटांमधला तो फरक उरलेला नव्हता. सुरुवातीच्या तुलनेत सगळ्याच गटांतली मुले सुधारलेली होती, पण मूल कोणत्या गटात होते याला आता पूर्वीसारखे महत्त्व राहिले नव्हते. यात पहिला अभ्यास चुकीचा ठरला असे मुळीच नाही. चौदा महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबरच दिले होते. मात्र एखाद्या समितीला २००० साली त्या कामाचे मोल करायचे असते, तर पुढचे निम्मे चित्र तिच्यासमोर नसते.

म्हणूनच दीर्घकाळच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांना मी अधिक वजन देतो. ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशन या संस्थेचा रुएन पुरस्कार २००० साली सुरू झाला. जॉय आणि विल्यम रुएन यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा पुरस्कार बाल व किशोरवयीन मनोविकारांवरील संशोधनातील विशेष कामगिरीसाठी असतो. २०१० साली तो अव्शलोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट या दोघांना मिळाला. हे दोघेही डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या कामाचा मोठा भाग न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांच्या आजतागायत चालू असलेल्या अभ्यासावर उभा आहे. लहानपणापासून सुरू होऊन पुढेही टिकणारे आक्रमक वर्तन आणि केवळ किशोरवयापुरते उसळून नंतर ओसरणारे वर्तन या दोन वेगळ्या वाटा आहेत, ही मॉफिट यांची १९९३ सालची मांडणी आज आम्ही पालकांशी बोलताना जवळजवळ रोज वापरतो. तेराव्या वर्षी अचानक उलट उत्तरे देऊ लागलेला मुलगा आणि तिसऱ्या वर्षापासून मारहाण करणारा मुलगा यांच्याबद्दल एकच भाकीत करता येत नाही. हे आत्मविश्वासाने सांगता यायचे असेल, तर कुणीतरी तीच मुले दशकानुदशके पुन्हा पुन्हा तपासलेली असावी लागतात.

सर मायकेल रटर यांचे नाव या संदर्भात टाळता येत नाही. ब्रिटनमधील बालमनोविकारशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक. १९८७ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९९२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले. १९६० च्या दशकात आइल ऑफ वाइट या बेटावरील दहा-अकरा वर्षांच्या मुलांची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. दवाखान्यात येणाऱ्या मुलांपुरते न थांबता संपूर्ण लोकसंख्येत किती मुलांना त्रास आहे हे मोजले, तर त्रास असलेल्या बहुतेक मुलांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत, हे त्या पाहणीने दाखवून दिले. पुढे रोमेनियातील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या १६५ मुलांचा मागोवा त्यांच्या गटाने घेतला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुले पुष्कळ अंशी सावरली, तर त्याहून अधिक काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी प्रौढपणीही टिकून राहिल्या. असे काम एखाद्या वार्षिक पुरस्काराच्या चौकटीत बसत नाही. त्याला मान्यता मिळते ती बहुधा कारकिर्दीच्या उत्तरार्धात.

प्रतिबंधात्मक कामाची अडचण याहून अवघड आहे. एखादे मूल आजारी पडलेच नाही, तर त्याचे श्रेय कुणाच्या खात्यावर लिहायचे? डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी चारशे गरोदर स्त्रियांना घेऊन एक चाचणी सुरू केली. काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका नियमित जात असत. या भेटींचा एक महत्त्वाचा परिणाम, म्हणजे त्या मुलांना पुढे अटक होण्याचे कमी प्रमाण, प्रसिद्ध झाला तो १९९८ मध्ये, मुले पंधरा वर्षांची झाल्यावर. गंमत अशी की ओल्ड्स यांचा २००८ साली ज्या पुरस्काराने गौरव झाला, तो स्टॉकहोम पुरस्कार गुन्हेशास्त्राचा आहे, आणि आदल्या वर्षी त्याच पुरस्काराच्या मानकऱ्यांत टेरी मॉफिट होत्या. पाळण्यातल्या मुलांसाठी केलेले काम गुन्हेशास्त्रज्ञांनी ओळखावे, यात आमच्या शाखेने थोडे वरमायला हरकत नाही.

आपल्याला सर्वांत उपयोगी ठरेल असा प्रकार म्हणजे सेवेसाठीचे पुरस्कार. रीगर यांच्याच नावाने एखाद्या सेवाकार्यक्रमासाठी दिला जाणारा पुरस्कार याच जातीचा. समितीवर असताना अशा अर्जांची छाननी कशी होते, ते मी जवळून पाहिले. नामांकनासोबत सहसा परिचयपत्र, कामाचा एक-दोन पानी गोषवारा आणि दोन-तीन शिफारसपत्रे असतात. शिफारसपत्रांत प्रत्येक उमेदवार ‘समर्पित’ आणि ‘दूरदृष्टीचा’ असतोच, त्यामुळे अनुभवी सदस्य ती भराभर चाळतात आणि गोषवाऱ्यातल्या आकड्यांवर थबकतात. एका अर्जात किती मुलांना तपासले याचा मोठा आकडा ठळक अक्षरांत होता. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्या इतकेच म्हणाल्या, ‘‘यातली दुसऱ्यांदा किती आली?’’ ते अर्जात कुठेच नव्हते. दुसऱ्या एका लहान केंद्राने पहिल्या भेटीनंतर किती कुटुंबे गळाली, ती का गळाली आणि त्यावर आपण वेळांत काय बदल केला, हे मोकळेपणाने लिहिले होते. चर्चा त्या दुसऱ्या अर्जाभोवतीच फिरत राहिली. तरीही हे मान्य करायला हवे की नीट अर्ज लिहायला वेळ आणि माणूस लागतो. ज्यांच्या बाह्यरुग्ण विभागात एकट्या डॉक्टरवर सगळा भार आहे, ते अर्जच करत नाहीत. पुरस्कारांच्या यादीत मोठी विद्यापीठे वारंवार दिसतात, त्याचे हेही एक कारण आहे.

परिचयात ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ म्हणून जे लिहिलेले असते, ते पुष्कळदा तरुण डॉक्टरांसाठीची शिष्यवृत्ती असते. १९३७ साली पॅरिसमधल्या परिषदेतून सुरुवात झालेल्या आयएकॅपॅप या बालमनोविकारशास्त्राच्या जागतिक संघटनेची डोनाल्ड कोहेन फेलोशिप याच स्वरूपाची आहे : होतकरू व्यावसायिकांनी जागतिक परिषदेला यावे, ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली चर्चा करावी, हा तिचा हेतू. ती स्पर्धेतून मिळते, त्यामुळे ती मिळवणाऱ्याला तिचा अभिमान वाटणे रास्तच आहे. पण ती पुढच्या कामासाठी दिलेले प्रोत्साहन असते, झालेल्या कामाची पावती नव्हे, आणि वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

आता ज्यांना पुरस्कार म्हणूच नये, त्यांच्याविषयी. ‘आपली सर्वोत्कृष्ट बालमनोविकारतज्ज्ञ म्हणून निवड झाली आहे’ अशी ईमेल मलाही येतात. नामांकन कुणी केले याचा उल्लेख नसतो, निवड समितीची नावे नसतात, आणि तिसऱ्या परिच्छेदात सन्मानचिन्ह, छायाचित्र व समारंभातील आसनासाठीचे ‘नोंदणी शुल्क’ येते. एका ईमेलमध्ये तर माझी शाखा अस्थिरोग अशी लिहिली होती. अशा पुरस्कारांची ओळख पटवणे कठीण नाही : खऱ्या व्यावसायिक संघटनेच्या संकेतस्थळावर पुरस्काराचे निकष, अर्जाची मुदत आणि मागील मानकऱ्यांची यादी उघडपणे दिलेली असते, विकत मिळणाऱ्या पुरस्काराच्या पानावर बहुधा समारंभाचे फोटोच असतात.

आणखी एक खूण मी आवर्जून पाहतो. स्वतःच्या प्रसिद्धीसाठी उपचार चालू असलेल्या मुलांचे फोटो किंवा त्यांच्या पालकांची कौतुकपत्रे वापरणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझे मत चांगले होत नाही, मग त्यांना कितीही पुरस्कार असोत. आई-वडिलांनी संमती दिली असे सांगितले जाते, पण ज्याच्या हातात आपल्या मुलाचे उपचार आहेत त्याला नकार देणे किती जणांना जमेल? शिवाय दहाव्या वर्षी छापलेला फोटो त्या मुलाला विसाव्या वर्षी नकोसा होऊ शकतो, आणि त्याचे मत तेव्हा कुणी विचारलेले नसते.

आपल्या हातातल्या यादीचे काय करावे? प्रत्येक पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तो कशासाठी असतो, हे वाचा. अर्ध्या तासाचे काम आहे. संशोधनाचा पुरस्कार असेल आणि विषय आपल्या मुलाच्या त्रासाशी जुळत असेल, तर निदान गुंतागुंतीचे असताना किंवा दुसरे मत हवे असताना त्या डॉक्टरांचा सल्ला मोलाचा ठरेल; मात्र असे संशोधक आठवड्यातून किती वेळ रुग्ण तपासतात, हेही विचारून घ्या. सेवाकार्यक्रमाचा पुरस्कार असेल, तर तो बहुधा संपूर्ण गटाचा असतो. तो गट अजून तिथेच आहे का, याची चौकशी करा. जीवनगौरव पुरस्कार असेल, तर प्रत्यक्ष उपचार ते स्वतः करणार की त्यांचे सहकारी, हे आधीच स्पष्ट झालेले बरे.

पुरस्कारांतून अजिबात न कळणाऱ्या गोष्टींसाठी पहिली भेटच उपयोगी पडते. बाल व किशोरवयीन मनोविकारशास्त्राचे स्वतंत्र प्रशिक्षण त्यांनी घेतले आहे का, ते मुलाशी एकट्याने बोलतात का, शाळेकडून माहिती मागवतात का, औषध सुरू केल्यास ते कधी व कशाच्या आधारे थांबवायचे हे सांगतात का, आणि सुधारणा झाली की नाही हे कसे ठरवणार, एवढे प्रश्न निःसंकोचपणे विचारा. यांची उत्तरे न चिडता, आपल्याला समजेल अशा शब्दांत देणारे डॉक्टर मिळाले, तर त्यांच्या परिचयात एकही पुरस्कार नसला तरी मी माझ्या नात्यातल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवीन.