तक्ता पाठ आहे, पण 'ळ' ओळखता येत नाही: बालवर्गाच्या साधनांविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे: कोणतं साधन घेऊ? मी उलट विचारेन, की ते हातात आल्यावर मूल नेमकं काय करणार आहे? नुसतं बघणार असेल, तर कितीही देखणं असलं तरी ती भिंतीची सजावट झाली.

प्रश्न: आमच्या बालवर्गात भिंतभर वर्णमालेचे तक्ते आहेत. मुलं रोज सुरात म्हणतात, सगळं पाठ झालंय. पण 'ळ' कार्डावर एकटा दाखवला की गप्प बसतात. वेगळं काय वापरू?

ताई, मुलांना तक्ता येतोय, अक्षरं नाही. त्यांना तक्त्याकडे पाठ करून उभं करा. तितक्याच झोकात म्हणून दाखवतील. म्हणजे तोंड चालू आहे, डोळ्यांना काही काम नाही.

त्यातून 'ण' आणि 'ळ' यांचं दुखणं वेगळंच. 'घ घराचा', 'म माशाचा' म्हणताना मूल एक नियम पकडतं: चित्राच्या नावाचा पहिला आवाज म्हणजे ते अक्षर. मराठीत 'ण' किंवा 'ळ'नं शब्द सुरूच होत नाही, म्हणून तिथे 'बाण' आणि 'बाळ' येतात आणि तो आवाज जातो शब्दाच्या शेवटी. मूल नियम पाळतं आणि दोन्हीकडे 'ब' ऐकतं. ही दोन अक्षरं कानानं शिकवा. फळ, माळ, नळ, बाळ असे शब्द सावकाश म्हणा, शेवटी काय ऐकू आलं ते विचारा. मुलांनी आवाज पकडला की मगच कार्ड दाखवा.

आता क्रमाविषयी. वर्णमाला घशापासून ओठांपर्यंत, उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. शास्त्र म्हणून ती मांडणी अप्रतिम आहे, पण म्हणून शिकवायचाही तोच क्रम कशाला? 'ङ' व्यंजनांत पाचवा येतो आणि 'ञ' दहावा; लहान मुलाच्या शब्दांत ही दोन्ही अक्षरं सुटी कुठे दिसतात? त्याऐवजी क, न, म, र आणि काना एवढंच आधी घ्या. तेवढ्यात कान, नाक, मान, रान, काम, मामा, काका, कमान होतात. क, काना आणि न अशी तीन सुटी कार्डं मुलासमोर ठेवा. 'क' आणि 'न' यांनी जागा बदलली की कानाचं नाक होतं. हे स्वतःच्या हातानं करताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण अक्षरं हलवली की शब्द बदलतो हे त्यांना पहिल्यांदाच कळतं.

दिसायला जवळची अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका: घ-ध, भ-म, ब-व. 'ख' तर 'रव' वाचला जातो, तो सावकाशीनं येऊ द्या. तक्ता फेकायचं कारण नाही. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि 'तुझ्या नावातलं अक्षर कुठे आहे, बोट ठेव' असं म्हणा.

प्रश्न: पहिलीला शिकवते. बाराखडी खडाखडा म्हणतात, पण 'मुलगी' वाचताना अडतात. ऱ्हस्व वेलांटी तर हमखास अक्षराच्या नंतर काढतात. मात्रांसाठी काही साधन आहे का?

आहे, आणि ते दुपारभरात घरी होतं. जाड कागदावर मोठी अक्षरं लिहा आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर एकेक खूण: काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा. मूल तो तुकडा अक्षरावर ठेवतं आणि वाचतं. 'म'वर उकार ठेवला, मु. तोच उचलून 'ल'वर ठेवला, लु. खूण एकच, अक्षरं वेगळी, ही ओळख बाराखडी म्हणताना होत नाही. तिथे 'क'ची ओळ 'क'पाशीच राहते. आडव्या ओळीइतकाच उभ्या ओळीचा सराव हवा: का, मा, ना, रा, मग की, मी, नी, री. बाराखडीचा पूर्ण तक्ता शेवटी दाखवा, उजळणी म्हणून.

काना झाला की मी दीर्घ वेलांटी घेते, ऱ्हस्व नंतर. मराठीत 'आणि'सारखे थोडे शब्द सोडले, तर शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घच लिहितात. त्यामुळे मामी, काकी, पाणी, गाडी हे मुलांच्या तोंडचे शब्द लगेच हाती लागतात. शिवाय ती अक्षराच्या उजवीकडे बसते. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते नंतर आणि लिहायची आधी, त्यामुळे तुमची मुलं चुकतात ती कानाशी इमान राखून! त्यांना रागावू नका. 'ही खूण आधी उभी राहते, पण बोलते मागाहून' एवढं सांगून प्लॅस्टिकचा तुकडा दहा वेळा ठेवू द्या. 'रु' आणि 'रू' मात्र वेगळे दाखवा, तिथे उकार खाली न बसता मध्ये शिरतो.

'मुलगी'त आणखी एक खोच आहे. लिहिताना 'ल' पूर्ण, बोलताना जवळजवळ अर्धा. मूल प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारत 'मु-ल-गी' म्हणतं आणि तो शब्द त्याला ओळखीचा वाटत नाही. तेच पुन्हा झरझर म्हणायला लावा, कान उरलेलं काम करतो. घर, कमळ, बदक यांच्या शेवटच्या अक्षराचंही तसंच.

प्रश्न: नात साडेतीन वर्षांची. एकच गोष्टीचं पुस्तक रोज वाचायला लावते. आता तर उलटं धरूनही घडाघडा 'वाचते'. ही पोपटपंची थांबवून अक्षरांकडे वळवावं का?

आजोबा, थांबवू नका. न्यूझीलंडच्या बालवाचनाच्या अभ्यासक मेरी क्ले यांनी १९६०च्या दशकात मुलांच्या नेमक्या याच उद्योगांकडे बारकाईनं पाहिलं. पुस्तक कुठून उघडतात, नजर कुठून कुठे जाते, बोललेला एक शब्द म्हणजे छापलेला एक शब्द, हे सगळं अक्षरओळखीच्या आधी आणि तिच्यासोबत शिकायचं असतं. तुमच्या नातीला गोष्ट पाठ आहे हे तर भांडवल आहे. वाचताना शब्दाखालून बोट फिरवा. नेहमीच्या वाक्यात शेवटचा शब्द गाळा, ती भरेल. एखाद्या पानावर थांबून 'आता हा कुठे निघाला असेल?' असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. ही वाट बघणं मोठ्यांना जमत नाही, आपण लगेच पान उलटतो.

नवं पुस्तक घेताना पानावर एक-दोन ओळी, ठळक टाइप आणि मजकुराशी जुळणारं चित्र एवढं बघा. बिनशब्दांचं, नुसत्या चित्रांचं पुस्तकही घ्या. त्यात गोष्ट तिला सांगावी लागते.

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा. शाळेतून रोज एक पान अक्षर लिहून आणायला सांगतात. तो रडतो, पेन्सिल मुठीत धरतो. गिरवायची वही आणू का?

वही नको. हात तयार नाही, वहीनं तो होणार नाही. माती, कणीक, चिमटे, मणी ओवणं, कागद फाडणं यांनी बोटांत जोर येतो. लांब पेन्सिलीऐवजी खडूचा बोटभर तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही. आणि भिंतीवरच्या फळ्यावर उभ्यानं रेघोट्या मारू द्या, मनगट आपोआप योग्य कोनात येतं.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांची खरखरीत कागदाची अक्षरं आजही मला सगळ्यात भरवशाची वाटतात. पॉलिशचा कागद अक्षराच्या आकारात कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा. मुलानं तर्जनी आणि मधलं बोट त्यावरून लिहिण्याच्या दिशेनं फिरवायचं आणि तोंडानं आवाज म्हणायचा. डोळा, बोट आणि कान एकाच वेळी कामाला लागतात. अक्षर आधी, शिरोरेषा शेवटी. व-ब-क, ग-न-म अशी वळणानं जुळणारी अक्षरं हाताला सोपी पडतात. (वर 'ब-व' एकत्र नको म्हटलं ते ओळखण्यापुरतं, इथे नवं अक्षर शिकवायचं नाही, ओळखीच्या अक्षराचं वळण घटवायचं आहे.)

शाळेशी बोला. पानभर एकच अक्षर काढताना तिसऱ्या ओळीनंतर मूल अक्षर नव्हे, वरच्या ओळीतली स्वतःची चूक गिरवत असतं. चार बरी अक्षरं पुरेत.

प्रश्न: आमच्याकडे साधनांसाठी पैसेच नाहीत. काय करावं?

कोरी कार्डं आणि जाड पेन. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलाला विचारायच्या, 'आज तुला कोणता शब्द हवाय?' तो मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातात द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मुलाला तो आठवला नाही तर कार्ड बाद, कारण शब्द त्याच्या जिव्हाळ्याचा नव्हताच. यात 'आज्जी', 'भूत', 'तुझ्या' असे जोडाक्षरांचे, अवघड उकारांचे शब्द बिनधास्त येतील. येऊ द्या. मूल ते आधी अख्खे ओळखेल, फोड नंतर होईल.

प्रश्न: नेटवरून अक्षरकार्डं छापून घेतली तर चालतील का?

चालतील, पण 'ल' आणि 'श' तपासा. पाकळीचा ल आणि दांडीचा ल, देठाचा श आणि गाठीचा श अशी दोन-दोन रूपं फाँटनुसार मिळतात. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, मुलाला मात्र ती चार वेगळी अक्षरं वाटतात. तुमच्या वाचनपुस्तकात आहे तेच रूप सुरुवातीला सगळीकडे ठेवा.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलीसाठी अक्षरओळखीचं ॲप कसं निवडावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार या वयात बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत हवा, जितका कमी तितकं बरं. त्या तासात ॲपला किती जागा द्यायची ते तुम्ही ठरवा. निवडताना स्वतः मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन बघा. कुठेही टिचकी मारली तरी टाळ्या आणि फुगे येत असतील, तर काढून टाका.