नळी मोडली, काच पांढरी पडली: मॉडेलवाल्यांचे प्रश्न

यावेळी पत्रं जरा जास्तच आलीत आणि त्यातली निम्मी एकट्या मिग-२१ वर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला तेव्हापासून हे चाललंय. आणि नाशिककरांचं तर या विमानाशी घरचंच नातं, शहरापासून वीसेक किलोमीटरवर ओझरला १९६४ साली कारखाना उभा राहिला तो याच्याचसाठी, सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी. त्यामुळे ज्याच्या घरात कधी मॉडेलचं किट आलं नाही त्याच्याही घरात "आमचे मामा मिगवर होते" एवढं तरी असतंच. असो, प्रश्नांकडे वळू.

दादा, १/४८ चं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं) मिग-२१ बिस, म्हणजे मिगचा नंतरचा प्रकार, केलं, कॉकपिटवर आठ दिवस घालवले, बेल्टसुद्धा कागदाचे कापून लावले, आणि शेवटी वरची काच सुपरग्लूने चिकटवली. सकाळी बघतो तर काच आतून पांढरी, धुकं साचल्यासारखी. आता पायलटही दिसत नाही. काही होईल का? (सिडको)

होईल, पण आधी मित्रा हे सांगतो की तू एकटा नाहीस, माझ्याकडे अशीच एक काच डब्यात ठेवलेली आहे, आठवण म्हणून. होतं काय, सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते, ती हवेतल्या ओलाव्याबरोबर घट्ट होते आणि पांढरी भुकटी होऊन जवळच्या पृष्ठभागावर बसते. बोटांचे ठसे असतील तिथे तर आधी बसते, पोलीस गुन्ह्याच्या जागचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात! तू बंद कॉकपिटवर काच लावलीस म्हणजे वाफेला बाहेर जायला वाट नाही, वर जुलैतली नाशिकची हवा, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, मग काच कशी स्वच्छ राहणार.

काच काढावी लागेल. अख्खं मॉडेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेव (घरच्यांना आधी सांग, नाहीतर मटारच्या पिशवीखाली चेंगरेल), गार झाला की सुपरग्लू ठिसूळ होतो, मग नवीन ब्लेडचं टोक सांध्यात घालून हळूहळू फिरव, उचकटायला जाऊ नको, नुसतं फिरवत राहा, कट्कन आवाज येतो आणि सुटते. सुटली की आतून २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने, मग पांढरी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन घास. जेलवाली पेस्ट नको, तिचा उपयोग होत नाही. दहा मिनिटं घासल्यावर तुला वाटेल की अजून खराब झाली, पंधराव्या मिनिटाला उजेड दिसायला लागतो.

परत लावताना साधा पांढरा फेविकॉल. सुकल्यावर पारदर्शक होतो, जास्त झाला तर ओल्या बोटाने पुसता येतो. प्लास्टिकचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गम, काचेला लावू नकोस, ते सांध्यातून आत पळतं आणि काचेत कायमची रेघ विरघळवून ठेवतं. किंवा सरळ काच उघडीच ठेव ना, आठ दिवसांचं कॉकपिट दिसेल तरी. फक्त बिसची काच उजव्या बाजूला कलते हे लक्षात असू दे. एफएल या जुन्या प्रकाराची पुढच्या बाजूला वर उचलली जायची, समोरच्या काचेसकट. माझ्या एका मित्राने एफएल केलं आणि काच बिससारखी आडवी उघडली, अजून त्याला कोणी सांगितलेलं नाही.

साहेब, मी सातपूरला वर्कशॉपमध्ये आहे, तिथे गाडीची पुट्टी आणि गाडीच्या रंगाचं एनसी थिनर भरपूर असतं, म्हणून महागडी मॉडेलची पुट्टी घेतली नाही. धडाच्या दोन फाका जोडल्या, सांध्यावर पुट्टी मारली आणि जास्तीची थिनरच्या बोळ्याने पुसली तर प्लास्टिक चिकट झालं आणि रिव्हेट गायब. चूक कुठे झाली?

बोळ्यात. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि एनसी थिनर ते विरघळवतं, पत्र्यावर जे चालतं ते इथे चालत नाही. गाडीची पुट्टी एकदम पातळ थरात लावली तर खरं म्हणजे चालून जाते, मी लावतो, पण जाड थापली की तिच्यातला थिनर आत मुरतो आणि महिन्याभराने सांध्यावर खड्डा पडतो. आत्ता त्याला दोन दिवस हातही लावू नका, चिकट प्लास्टिक परत कडक होतं, मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करा आणि रिव्हेट सुईने टोचून परत काढा. शॉपमध्ये काम करणाऱ्याला मोजून टोचायला जमेलच.

आणि पुढच्या वेळी पुट्टीच कमी लागेल असं करा. दोन्ही फाकांच्या कडांना सिमेंट लावून मिनिटभर थांबा, परत लावा, मग दाबा, सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी बाहेर आली पाहिजे, गरम साबुदाणा वड्यातून तूप येतं तशी. ती तशीच राहू द्या, एक-दोन दिवसांनी घासून काढा. सांधा त्याच प्लास्टिकने भरलेला असतो त्यामुळे नंतर रंगाखाली रेघ उमटत नाही. मिगच्या पाठीवर हा सांधा नाकापासून शेपटीपर्यंत जातो, तिथे आळस केला की खोलीच्या दारातून दिसतो.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, वाढदिवसाला त्याला लढाऊ विमानाचं किट हवंय. ब्लेड आणि ते वासाचे रंग बघून भीती वाटते. द्यावं का? (इंदिरानगर, एक आई)

ताई, द्या. पहिलं १/७२ चं, कमी तुकड्यांचं, न चिकटवता खटाखट बसणारं घ्या. ब्लेडऐवजी त्याला चांगलं निपर (तुकडे कापायची छोटी पक्कड) द्या, तुकडा कापताना आधी लांबून, मग जवळून, असे दोन घाव शिकवा. रंग पाण्याचे. स्प्रे कॅन मात्र गच्चीत, मास्क लावून आणि तुम्ही शेजारी असताना. पहिलं विमान वाकडंच होतं, दुसरंही होतं.

१/७२ चं मिग पूर्ण झालं आणि टेबलावर ठेवलं तर शेपटीवर बसतंय, नाक वर. (नाशिकरोड)

धड बंद करायच्या आधी नाकात वजन घालायला हवं होतं. मिगचं एक बरं असतं, पुढचा शंकू आतून पोकळ असतो, अजून पक्का चिकटवला नसेल तर काढा आणि त्यात शिसं भरा. गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मासेमारीचं सामान मिळतं तिथे मिळतील. बसवायला एपॉक्सी वापरा, फेविकॉल नको, शिसं आणि पांढरा गम यांची वर्षानुवर्षं आत भांडणं चालतात, शिसं फुगतं आणि एक दिवस सांधा उकलतो. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मगच चहा. पुढच्या वेळी सगळं टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवायची आणि नाक खाली पडेपर्यंत वजन वाढवायचं, एवढंच गणित.

नमस्कार. मी ओझरला कारखान्यात शीट मेटलला होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नातू मिगचं मॉडेल करतोय, त्याच्या कागदावर सगळं विमान एकच चंदेरी रंगवायला सांगितलंय. आमच्याकडे उघड्या पत्र्याचं विमान असं एकसारखं कधी दिसायचं नाही, पत्र्या-पत्र्याचा रंग वेगळा. त्याला कसं सांगू? आणि ती पुढची नळी त्याने दोनदा मोडली. (ओझर)

काका, तुमचं पत्र वाचून खरं सांगतो, पेन खाली ठेवलं थोडा वेळ. आम्ही फोटोवर भिंग धरून जे शोधतो ते तुम्ही हाताने बसवलंय.

तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, किटचा कागद सोयीसाठी एक रंग लिहितो. नातवाला असं करायला सांगा: आधी अख्खं विमान चकचकीत काळं. मॅट नाही, चकचकीत, कारण चंदेरी रंगाला चमक त्या काळ्यातूनच मिळते. ते पूर्ण एक दिवस सुकू द्यायचं, बोट लावून बघायचा मोह होतो, ठसा उमटला की परत पहिल्यापासून. मग लॅकरचा मेटॅलिक रंग एअरब्रशने, पातळ, तीन-चार हात. त्यानंतर टेपने आठ-दहा पत्रे मास्क करून त्यावर थोडी गडद, थोडी फिकट छटा. कुठले पत्रे ते तुम्ही दाखवा. इथे मी काही सांगणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं. मागे इंजिनाची ज्वाळा निघते त्या आफ्टरबर्नरच्या भोवती पत्रा तापून जो निळसर-तपकिरी व्हायचा तो पारदर्शक रंगाच्या पातळ फवाऱ्याने येतो, पण अगदी कमी, मुलं तिथे हमखास इंद्रधनुष्य करतात.

आता नळी. किटमधली पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजायला असते ती) प्लास्टिकची असते आणि ती मोडतेच, माझीही मोडते, ती फेकून द्या. मेडिकलमधून इंजेक्शनच्या नव्या कोऱ्या सुया आणा, १८, २१ आणि २६ नंबरच्या. २१ ची बाहेरची जाडी साधारण ०.८२ मिलिमीटर आणि १८ चं आतलं भोक ०.८४, त्यामुळे एकीत एक बरोब्बर सरकते, आणि २१ मध्ये २६. झाली तीन पायऱ्यांची टप्प्याटप्प्याने बारीक होणारी नळी, आणि स्टीलची, म्हणजे नातवाने कितीही हाताळली तरी फार तर वाकेल. १/७२ ला १८ जाड दिसते, तिथे फक्त २१ आणि २६. कापताना पक्कड नको, भोक चेपतं. टेबलावर सुई ठेवून वरून त्रिकोणी कानशीची धार टेकवायची आणि सुई गोल फिरवत राहायची, सगळीकडून खाच पडली की बोटाने मोडते. टोकाची तिरकी धार आधी घासून टाका, आणि हे काम तुम्ही करा, नातवाला नुसतं बघू दे.

बसवायच्या आधी एक बघा: एफएल असेल तर नळी नाकाच्या वर बरोबर मधे, नंतरचं एम किंवा बिस असेल तर पायलटच्या उजव्या हाताला जराशी सरकलेली. यात लोक फार चुकतात, आणि काही तयार चित्रंसुद्धा.

आणि काका, एक उलट प्रश्न. मुख्य चाकांच्या खाचेच्या आत, जिथे पाइपांचं जंजाळ असतं, तिथे नेमका कुठला हिरवा होता? आम्ही तीन जण तीन हिरवे लावतो आणि आठवड्याला भांडतो. एक पोस्टकार्ड टाका.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावल्यावर हवाई दलाच्या गोलाच्या भोवती चंदेरी चकाकी दिसते, आणि वरून मॅट वार्निश मारलं तर विमानावर पांढरट बुरशीसारखा थर आला. दोन्ही एकाच दिवशी. (गंगापूर रोड)

दोन्ही वेगळे आजार. डेकलखाली चकाकतं ती अडकलेली हवा, कारण मॅट रंग बारीक खडबडीत असतो आणि डेकल त्याच्या टोकांवर बसतं. आधी ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निश, मग डेकल, मग मॅट, हा क्रम सोडायचा नाही. आता झालेल्या जागी बारीक सुईने चार-पाच टोचे आणि वरून डेकल मऊ करणारं सोल्यूशन, ते भोकातून आत जाऊन हवा बाहेर काढतं. दोन-तीनदा करावं लागतं. आणि परदेशी किटमधला आपला गोल एकदा नीट बघून घ्या, बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा, काही कागदांवर केशरी इतका लालसर छापतात की विमान दुसऱ्याच देशाचं वाटतं.

पांढरा थर बुरशी नाही. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, पावसाळी हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि वार्निशखाली अडकतो. कोरड्या दिवशी वरून नुसत्या त्याच कंपनीच्या थिनरचा एक अतिशय पातळ फवारा मारला की बहुतेक वेळा थर परत वितळून स्वच्छ होतो. मुसळधार चालू असेल तेव्हा वार्निश मारूच नका, डेकल लावा, चाकं रंगवा, कामं भरपूर असतात. मे महिन्यात उलटा त्रास, रंग एअरब्रशमधून विमानापर्यंत पोचायच्या आतच सुकतो आणि अंगावर पुरळ उठल्यासारखा दिसतो, तेव्हा रंगाचं सुकणं लांबवणारं रिटार्डर घालून जवळून मारायचं. थंडीत स्प्रे कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं, कोमट म्हणजे कोमटच, गॅसवर अजिबात नाही.

विमान झालं, पण घरात ठेवायला जागा नाही म्हणतात. धूळ तर विचारूच नका. (पंचवटी)

१/४८ मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत १५ सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत, खऱ्याचे ७.१५ मीटर, त्याला ४८ ने भागा. लांबीला मात्र एक फूट लागतो. नेमप्लेट बनवणाऱ्यांकडे अॅक्रिलिकचे तुकडे उरलेले असतात, माप दिलं की झाकण चिकटवून देतात, तयार शोकेसपेक्षा कितीतरी स्वस्त. तोपर्यंत कपाटावर ठेवत असाल तर मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झाडा, आणि विमान ठेवताना नाक भिंतीकडे करा, फडकं मारणाऱ्याचा हात पहिला त्या नळीवरच जातो.